चौथ्या प्रकरणातला कोंबडा

तुमचं पत्र आणि सोबतची चौदा प्रकरणं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा रात्री वाचली, माजघरातला एकच दिवा ठेवून, कारण असलं लिखाण भर दुपारी तपासलं की त्याच्यावर अन्याय होतो. पहिल्या सात प्रकरणांनी मला उठून मागचं दार बघायला लावलं. सव्वीस वर्षं गूढकादंबऱ्या संपादित करते आहे, तीन स्वतः लिहिल्या, तरी उठले. तेव्हा लिहिता येतं का, ही शंका आधी मनातून काढून टाका.

तुमचा निवृत्त शिक्षक असलेला माळकरी नायक वडिलांचं घर विकायला सिंधुदुर्गातल्या गावी येतो. रात्री गडग्याबाहेर, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाबाहेर, कुणीतरी फेऱ्या घालतं. अकरा वर्षांची नात झोपेत तिच्या पणजोबांच्या आवाजात बोलू लागते. आठव्या प्रकरणापासून मात्र भीती ओसरते, असं तुम्हाला वाटतं. मग तुम्ही विचारता: भूत खरं दाखवू की मनाचा खेळ ठरवू? शेवटी नायकाची श्रद्धा जिंकावी की हरावी? आणि हे सगळं छापून आल्यावर अंधश्रद्धा पसरवल्याचा ठपका येईल का? तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून क्रम थोडा मागेपुढे होईल.

आधी ओसरणाऱ्या भीतीबद्दल. नवव्या प्रकरणात चार माणसांदेखत कडी आपोआप निघते, दहाव्यात विहिरीचं पाणी लाल होतं, अकराव्यात खळ्यात सात मेलेले कावळे सापडतात. तुम्हाला वाटलं, चढत गेलं पाहिजे. पण विहिरीचं पाणी डोळ्यांदेखत लाल झालं तर विश्वास ठेवायला श्रद्धा लागत नाही, डोळे पुरतात. तिथून पुढे तुमच्या नायकाला आतून झगडायला काही उरतच नाही. तो फक्त पळतो, आणि पळणाऱ्या माणसाची भीती वाचकाला वीस पानांपलीकडे पुरत नाही.

आरवलीला तुम्ही गेला असाल. नसलात तर पुढचं पान लिहिण्याआधी जाऊन या, तुमच्या गोष्टीच्या गावापासून फार लांब नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या या गावच्या वेतोबाला, म्हणजे तिथल्या ग्रामदेवाला, भाविक केळीचे घड देतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या सीमेवर राखणीला फिरतो आणि त्या चपला वापरतो, अशी श्रद्धा आहे. वाहिलेल्या चपलांचे तळवे काही काळाने झिजलेले दिसतात, असं लोक सांगतात. आता त्या झिजलेल्या तळव्याकडे तीन माणसं बघतात असं समजा. एकाला तो पुरावा वाटतो. दुसरा म्हणतो, कोकणातली दमट हवा आणि चामडं, दुसरं काय होणार. दोघंही समाधानाने घरी जातात. तिसरा तिथेच उभा राहतो. त्याला पहिल्यासारखं हात जोडता येत नाहीत आणि दुसऱ्यासारखं हसता येत नाही. तुमची कादंबरी त्या तिसऱ्या माणसाची आहे. त्याच्यासमोर झिजलेली चप्पल ठेवा, लाल विहीर ठेवू नका.

म्हणजे भूत खरं की भास हे शेवटपर्यंत संदिग्ध ठेवायचं का? वाचकासाठी बऱ्याच अंशी हो, पण तुमच्यासाठी मुळीच नाही. तुमच्या मनात उत्तर पक्कं असलं पाहिजे. एका कागदावर लिहा आणि कपाटात ठेवून द्या. ज्या लेखकाने स्वतःशीच ठरवलेलं नसतं त्याच्या घटना लबाड होतात; आज सोयीचं म्हणून भूत, उद्या सोयीचं म्हणून ताप. वाचकाला ते लगेच कळतं. तुम्ही ठरवा, मग प्रत्येक प्रसंग असा लिहा की त्याचे दोन्ही अर्थ प्रामाणिकपणे लागतील. तुमचं पाचवं प्रकरण असंच आहे. नात पणजोबांच्या आवाजात ‘गडग्याच्या भायर कोण उभो आसा?’ असं विचारते, आणि दोनच पानं आधी तिने शेजारच्या म्हातारीकडून पणजोबांच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. ते पान तुम्ही न सांगता ठेवून दिलंत, खुणेची रेघ ओढली नाहीत. तेच पुढे करत राहा.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचं आहे तिथे येते. चौथ्या प्रकरणात एक वाक्य आहे, बहुधा तुमच्याही लक्षात नसेल: ‘वडील दरवर्षी मिरगाला राखणदाराला सीमेवर कोंबडा द्यायचे, आपण माळ घातली त्या वर्षापासून ते बंद झालं.’ एवढंच. पुढच्या परिच्छेदात तुम्ही घराच्या कौलांच्या किमतीकडे वळता. मी त्या वाक्याखाली तांबड्या पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आहेत. तुमची कादंबरी त्या वाक्यात आहे, आणि तुम्ही तिच्यावरून चालत पुढे गेलात.

कारण सांगते. आपल्याकडची भुतं आठवा. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण लग्नाआधी गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे वंश न चालवता, जीव कशात तरी अडकवून गेलेला ब्राह्मण. प्रत्येकाचं काहीतरी राहिलेलं आहे, आणि म्हणून त्याचं काहीतरी मागणं आहे. कोकणातला देवचार किंवा राखणदार तर वाईटही नव्हे. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा, फक्त ठरलेलं मान-पान मागणारा. सैतानाला माणसाचा आत्मा हवा असतो, तो सरळ शत्रू असतो. राखणदार हा शत्रू नाही, तो सावकाराच्या जवळचा आहे. तुमच्या नायकाच्या वडिलांना हवी ती राखण त्याने दिली, तिचा मोबदला तीस वर्षं थकलेला आहे. घरात शिरणाऱ्या दुष्टाला हाकलून लावता येतं. ज्याचं खरोखरच देणं लागतो त्याला कसं हाकलणार?

आणि देणं काय आहे, तर जीव. माळकऱ्याने कोंबडा कापायचा! इथे तुमच्या नायकाच्या मानेभोवतीची तुळशीची माळ एकदम जड होते. सबंध कादंबरीत तिचा उल्लेख तुम्ही अकरा वेळा केला आहे, मी मोजलं. दर वेळी ती वेशभूषा म्हणून येते, त्या माणसाला अडवत एकदाही नाही. माळ घातली म्हणजे मांस-मद्य सुटलं, एवढ्यावर ते थांबत नाही. वारकरी वाटेने असल्या मागणाऱ्या दैवतांना सरळ दूर लोटलं आहे. ‘सेंदरीं हेंदरीं दैवतें । कोण तीं पूजी भूतेंकेतें’ हा तुकोबांचा अभंग तुमच्या नायकाला पाठ असणार, तो तीस वर्षं भजनात उभा आहे. गीतेच्या नवव्या अध्यायातला ‘भूतानि यान्ति भूतेज्या’ हा चरणही त्याला ठाऊक असणार. भुतांना पुजणारे भुतांनाच जाऊन मिळतात. म्हणजे त्याच्या हिशेबात सीमेवर कोंबडा देणं ही छोटीशी तडजोड नाही. मेल्यानंतर आपण कुठे जाणार, हे त्या एका कृतीने बदलतं, असं तो मानतो. आणि न द्यावा तर नात.

शेजारी म्हणतील, ‘मास्तर, एका कोंब्याचा काय ता, देऊन टाका.’ हे वाक्य तुमच्या कादंबरीतलं सर्वांत भयंकर वाक्य होऊ शकतं, कारण ते प्रेमाने म्हटलेलं असेल.

हा पेच सापडल्यावर मधल्या प्रकरणांत काय भरायचं हा प्रश्न सुटतो. भुताने अधिकाधिक भयानक काहीतरी करायची गरजच राहत नाही. नायकाकडचे मार्ग एकेक करून बंद होत गेले की पुरे. आपल्याकडे या बाबतीत कादंबरीकाराला एक मोठी सोय आहे आणि ती फार थोडे जण वापरतात. कॅथलिक चर्चकडे भूतबाधा उतरवण्याचा लेखी विधी १६१४ पासून आहे, आणि चर्चच्या कायद्याच्या कलम ११७२ प्रमाणे बिशपची स्पष्ट परवानगी असल्याशिवाय कुणा धर्मगुरूला तो करता येत नाही. तुमची गोष्ट वसईच्या किंवा साष्टीच्या ख्रिस्ती घरात घडली असती तर कुणाकडे जायचं हे ठरलेलं असतं, आणि ताण त्या एका माणसाच्या मनात एकवटला असता. तुमच्या नायकावर अशी कुणाची सत्ता नाही. डॉक्टर आहे, गुरव आहे, भूत उतरवणारा घाडी आहे, गाणगापूरला चला म्हणणारी बहीण आहे, पंढरपूरचे बुवा आहेत. प्रत्येक जण वेगळं निदान करतो, आणि प्रत्येकाचं निदान मान्य करणं म्हणजे जगाबद्दलची एक आख्खी समजूत मान्य करणं. कुणाच्या पायरीवर चप्पल काढायची हे त्याने एकट्याने ठरवायचं आहे.

मी तुमच्या जागी असते तर यातलं देवाला कौल लावण्याचं प्रकरण सर्वांत सावकाश लिहिलं असतं. तुम्ही ते दीड पानात उरकलंय. पाषाणाला ओली पाकळी चिकटवलेली आहे. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. गुरव गाऱ्हाणं घालतो, ‘बा देवा म्हाराजा’, आणि मागे उभे असलेले मानकरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तुमचा नायक त्या रांगेत उभा आहे. तो ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो का? ओठ हलवतो आणि आवाज काढत नाही? लहानपणी याच देवळात, वडिलांचा हात धरून, तो हेच ओरडला असेल ना? पाकळी पडायला कधी क्षण लागतो, कधी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात देवळात काहीही घडत नाही, आणि मला खात्री आहे, वाचक श्वास धरून बसेल. तिथे एक मेलेला कावळा आणू नका.

संदर्भासाठी एक गोष्ट सुचवते. १९१५ साली आर. ई. एन्थोवेन यांनी कोकणातल्या लोकसमजुतींच्या नोंदींचा इंग्रजी खंड काढला. त्या नोंदींमागची सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली होती. म्हणजे तेच नाशिकचे कलेक्टर, ज्यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात गोळ्या झाडल्या. माहिती पुरवणारे बरेचसे गावोगावचे शाळामास्तर होते. तुमचा नायक मास्तर आहे म्हणून मुद्दाम सांगते. मुलांना भूगोल शिकवायचा, आणि संध्याकाळी आपल्याच गावात कुठल्या झाडाखाली कुणाला काय ठेवतात हे साहेबाच्या प्रश्नावलीत लिहायचं. त्या मास्तरांनी स्वतःच्या घरचं काय लिहिलं असेल आणि काय गाळलं असेल, हा विचार मला कित्येक वर्षं सोडत नाही. तुमच्या नायकाच्या घराण्यात असा एक मास्तर असू शकतो. मात्र खंडातली माहिती कादंबरीत ओतू नका. ती वाचून कोणते प्रश्न विचारायचे ते शिका, आणि मग गावात जाऊन म्हाताऱ्यांना विचारा.

आता नातीबद्दल, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे.

मी नऊ वर्षांची असताना माझ्या मावसबहिणीला झटके येऊ लागले. एका भगताने तिला कोंडून मिरच्यांची धुरी दिली. आम्ही मुलं पडवीत बसलो होतो आणि आत ती खोकत होती. तो खोकला मला आजही ऐकू येतो. पुढे चार वर्षांनी शहरातल्या डॉक्टरांनी अपस्मार असल्याचं सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले. ज्यांनी तिला तिथे नेलं त्या माझ्या मावशीएवढी तिच्यावर कुणाची माया नव्हती. हेही तितकंच खरं आहे, आणि म्हणून मला त्यावर साधीसरळ गोष्ट आजवर लिहिता आलेली नाही.

तुमच्या बाराव्या प्रकरणात घाडी नातीला छडीने मारतो आणि तिला बरं वाटतं. हे प्रकरण काढा. गोष्टीत मार दाखवू नये असं मी म्हणत नाही, मार पडतो तसा दाखवलाच पाहिजे. पण माराने गुण आला असं लिहिलंत तर कुठल्यातरी पडवीत बसलेला कुणीतरी ते वाचून मान डोलावेल. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ साली. २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत अगदी सुरुवातीलाच भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. या कायद्याचा रोख जिवंत माणसांवर होणाऱ्या अत्याचारावर आणि फसवणुकीवर आहे. पूजा, कीर्तन, भजन यांना त्याने हात लावलेला नाही. कादंबरीत भूत आहे म्हणून कुणी तुम्हाला दोष देणार नाही, आणि दिला तर त्याला उत्तर देता येईल. मुलीला मारून बरं केलंत तर मात्र माझ्याकडे तुमच्या बाजूने बोलायला काही राहणार नाही.

डॉक्टरलाही न्याय द्या. तुमचा डॉक्टर शहरी, तुसडा आणि चुकीचा आहे, कारण तो चुकीचा ठरल्याशिवाय भुताला वाव मिळत नाही असं तुम्हाला वाटतं. उलट करून बघा. तो हुशार असू दे, मायाळू असू दे, त्याची गोळी लागू पडू दे. नात आठवडाभर शांत झोपू दे. आणि तरी रात्री गडग्याबाहेरची पावलं थांबत नाहीत, आता ती फक्त नायकाला ऐकू येतात. मुलीचा आजार आणि नायकाचं देणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, ही शक्यता उघडली की कादंबरी एकदम खोल जाते. तोपर्यंत नातीसाठी म्हणून तो निर्णय पुढे ढकलत होता. आता नातीची ढाल गेली.

नातीच्या आईकडेही बघा. चौदा प्रकरणांत ती चहा करते आणि रडते. व्हिएडा स्कल्टन्स नावाच्या अभ्यासक बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. १९८७ साली तो प्रसिद्ध झाला. घरातल्या आजारी माणसाला घेऊन आलेल्या बायकांच्या स्वतःच्याच अंगात यायचं, आणि आजाऱ्याचं दुखणं आपण आपल्यावर ओढून घेतो अशी त्यांची भावना असायची, असं त्यांना दिसलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. ही कुठल्या भुताची गोष्ट आहे? ही आईची गोष्ट आहे. तुमच्या नायकाला माळेचा आणि पुढच्या गतीचा विचार करायला सवड आहे. त्याच्या सुनेला नाही. तिने एका रात्री कुणाला न सांगता ‘माझ्यावर घे’ असं सीमेवर जाऊन म्हटलं, तर? नायकाच्या धर्मसंकटाहून तिचं ते एक वाक्य जड भरेल, आणि त्याला ते कळेल तेव्हा त्याला स्वतःच्या सोवळेपणाची लाज वाटेल.

भाषेबद्दल फार नाही. मालवणी तुम्हाला येते, ती दिसते. निवेदनात मात्र ‘गूढ’, ‘अनामिक’, ‘जीवघेणी शांतता’ हे शब्द जिथे जिथे आलेत तिथे तिथे वस्तू ठेवा: विझलेल्या चुलीवर ठेवलेलं भांडं, ओसरीवर वाळत घातलेली आणि सकाळी ओली मिळालेली घोंगडी. ‘अनामिक भीती’ वाचून आजवर कुणी घाबरलेलं मी पाहिलेलं नाही.

राहिला शेवट. श्रद्धा जिंकावी की हरावी, असं तुम्ही विचारता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे कुस्ती आहे. तुकोबांच्या गाथेत ‘रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग’ आहे, हे खरं. पण त्याच गाथेत ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’ हेही आहे. मी त्याचं नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं, असं पुढे म्हटलं आहे. १६२९-३० च्या दुष्काळात ज्याची एक बायको अन्न अन्न करत गेली, त्या माणसाच्या तोंडचे हे शब्द आहेत. ज्याच्याशी तुटलं त्यालाच तो हे ऐकवतो आहे, आणि तेही अभंगातच. हे जिंकणं म्हणायचं की हरणं? तुमच्या नायकाच्या शेवटच्या तीस पानांत मला हा सूर हवा आहे. सध्या तिथे तो मोठ्याने हरिपाठ म्हणतो, वीज कडाडते आणि छाया निघून जाते. तुम्ही स्वतः मनापासून भाविक आहात, पत्रातून ते जाणवतं, आणि बहुधा म्हणूनच तुम्ही देवाला वेळेवर धावायला लावलंत. पण त्यामुळे हरिपाठाचा मंत्र झाला. घाडी जे तांदूळ टाकून करतो ते नायक नामाने करतो, एवढाच फरक उरला.

सामग्री तुमच्याच हातात आहे. सहाव्या प्रकरणात गावातला अखंड सप्ताह येतो. सात दिवस, सात रात्री भजन खंडत नाही, वाडीवाडीचे पहारे लागतात, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते पण जमिनीला टेकत नाही. तुम्ही ते स्थानिक रंग म्हणून वापरलंत आणि सोडून दिलंत. ते शेवटाला न्या. सहावी रात्र, पहाटेचे तीन. पाऊस आहे, वीज गेली आहे, पहाऱ्याचे बाकीचे कोपऱ्यात पेंगलेत आणि टाळ त्यांच्या हातांत सैल पडलेत. नायक वीणा घेऊन उभा आहे. देवळाच्या बाहेरून, पाणंदीच्या बाजूने, नातीचा आवाज येतो, ‘आजोबा’. वीणा खाली ठेवली तर सप्ताह मोडला, गावाचा आणि त्याचाही. न ठेवावी तर ती बाहेर अंधारात, आणि ती खरंच आहे की त्याला बोलावणारा दुसराच कुणी आहे हे त्याला इथून दिसत नाही. तीस वर्षं जे नाव घेतलं ते आता त्याला खिळवून ठेवतंय. आणि तो ते घेत राहतो, घशातून आवाज येईनासा झाला तरी. हे मला दहा पानं वाचायला आवडेल. छायेने दर्शन देण्याची काहीच गरज नाही.

त्या पहाटे त्याच्या हातातली वीणा घ्यायला कोण येतो, हेही तुम्ही आधीच लिहून ठेवलंय, दुसऱ्या प्रकरणात. घराच्या वाटपावरून ज्याच्याशी तो वीस वर्षं बोललेला नाही तो चुलतभाऊ. माळ नसलेला, मासे-मटण खाणारा, आणि तुमच्या गावात वीणा माळकऱ्याच्याच हाती देतात असं तुम्ही म्हटलंय. तो भिजत सीमेकडून आलेला असू दे. त्याच्या हाताला काय लागलंय ते पावसाने पुरतं धुतलेलं नसू दे. घराण्याच्या वतीने काय करून आलो हे तो बोलणार नाही, नायक विचारणार नाही. तो फक्त दोन्ही हात पुढे करेल, आणि बाहेरून पुन्हा एकदा ‘आजोबा’ ऐकू येईल.

त्या हातांत तो वीणा देतो का, ते प्रकरण लिहून झालं की पाठवा. बाकीचं आपण नंतर बघू.